पाच विसाव्यांची चढण

धाराशिव जिल्ह्यात बंदर आहे असं मी सांगितलं, की पुण्याच्या ऑफिसात हमखास हशा पिकतो. एकानं तर एकदा मोबाइलवर नकाशा उघडून समुद्र शोधायला घेतला. म्हटलं शोध बाबा, सावकाश शोध. समुद्र नाहीच, पण बंदर आहे. मी तिथं सात महिने भाड्यानं राहिलेली बाई आहे.

उमरग्याच्या बाजूला, कर्नाटक जिथून हाकेवर आहे, तिथलं हे गाव. गावाच्या कडेला जुना तलाव आणि तलावाला निजामाच्या काळातला दगडी धक्का. पलीकडच्या दोन वाड्यांची माणसं अजूनही तराफ्यावर बसून बाजाराला येतात. भोई लोक सकाळी मासे उतरवतात, उन्हं चढली की जाळी वाळत घालतात. एवढ्या भांडवलावर गावानं त्या वस्तीला 'बंदर' म्हणायला सुरुवात केली, आधी थट्टेनं आणि मग सवयीनं. आता लाइटबिलावरसुद्धा तसंच छापून येतं. धक्क्यापासून वस्ती निघते ती थेट टेकडीवर चढते. सरळ गल्ली म्हणून एकही नाही. पायऱ्या, बोळ, वळण, पुन्हा पायऱ्या, आणि सगळ्यात माथ्यावर वरची आळी.

मी तिथं गेले ती नकाशा करायला. बंदरातले सगळे रस्ते काँक्रीटचे होणार होते. रस्त्याखालून नळाच्या जुन्या लाइनी गेलेल्या, पण त्या कुठून जातात आणि त्यांचे वॉल कुठं आहेत, याचा एकही कागद शिल्लक नव्हता. वॉल म्हणजे गल्लीचं पाणी सोडायचा आणि बंद करायचा खटका, जमिनीत खड्डा करून बसवलेला. जो वॉल माझ्या नकाशावर येणार नाही तो काँक्रीटखाली गाडला जाणार आणि ती गल्ली कोरडी पडणार, इतका साधा हिशेब होता. मी याच जिल्ह्यातल्या वाशीची, डिग्री लातूरची, वय चोवीस, डोक्यावर कंपनीनं दिलेलं पिवळं हेल्मेट, हातात टॅब आणि आपल्याला सगळं येतं ही खात्री. पाणीपुरवठ्याच्या साहेबांकडे जुने कागद मागितले तर त्यांनी हात वर केले. म्हणाले, "कागद नाहीत मॅडम. आप्पा आहेत."

आप्पा म्हणजे माझे घरमालकच निघाले.

त्यांची माडीवरची खोली मी दोन दिवस आधीच घेतली होती. बघायला गेले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, डिपॉझिटचं तर नावच काढलं नाही. दारातच विचारलं, "बादल्या किती?"

"एक," मी म्हणाले.

"मग न्हाय जमायचं. आठ दिसाला पाणी येतंय हितं. पाच लागत्यात. आधी बादल्या आणा, मग सामान आणा."

मी बाजारात जाऊन चार बादल्या घेऊन आले. त्यांनी एकेक बादली उलटी करून बुडाला टिचकी मारली, आणि मी भाडेकरू झाले.

उंच, काटकुळे, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. एका खांद्यावरून ओलं फडकं गुंडाळलेली पाण्याची बाटली लटकायची आणि दुसऱ्या खांद्यावर छत्रीसारखी एक लोखंडी चावी, वॉल फिरवायची, कंबरेएवढ्या दांड्याची. नळाचं पाणी सोडायच्या नोकरीतून रिटायर होऊन त्यांना आठ वर्षं झाली होती, तरी चावी खांद्यावरून उतरली नव्हती. आता पाणी सोडायचं काम दुसऱ्या माणसाकडे होतं. त्यालाही आप्पांच्या खांद्यावर चावी पाहायची सवय झाली होती. मुलगा सोलापुरात, बायको तीन वर्षांपूर्वी गेलेली, त्यामुळे घरात आप्पा एकटेच. बायकोच्या फोटोला हार नव्हता. विचारलं तर म्हणाले, "तिला फुलांनी शिंका यायच्या."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही गल्ली-गल्ली पायी हिंडायला लागलो. माझ्याकडे कंपनीची स्कूटी होती, पण तिच्याकडे ते बघायलाही तयार नव्हते. "गाडीवरनं गल्ली दिसती, कळत न्हाय," म्हणाले. त्यांचे नियम फार. ज्या गल्लीनं चढलो तिनं उतरायचं नाही. घरांना माणसांच्या नावानं ओळखायचं नाही, नळाच्या नावानं ओळखायचं. त्यांच्या बोलण्यात 'रडका नळ', 'टोपीवाला नळ', 'दोन सासवांचा नळ' असे पत्ते असत, आणि मीही पंधरा दिवसांत तसंच बोलायला लागले. घरी फोनवर आईला म्हणाले, "आज रडक्या नळाकडे वडे खाल्ले." आईला वाटलं पोरगी कामातून गेली.

मीटर हा प्रकार त्यांना मान्य नव्हता. टेकडी ते विसाव्यांत मोजत. धक्का ते जाळे गल्ली, एक इसावा. तिथनं पायऱ्यांची गल्ली, दुसरा. पठाण गल्लीच्या कोपऱ्यावर तिसरा, कासार बोळात चौथा, आणि वरची आळी पाचव्यावर. मी समजत होते हे त्यांच्या दमण्याचं माप असेल. नव्हतं. नळ यायच्या आधी त्यांची आई वरच्या आळीतल्या चार घरी पाणी भरायची, तलावावरून, डोक्यावर दोन घागरी घेऊन. ती जिथं जिथं घागरी टेकवून दम खायची, ती ठिकाणं आप्पांना पाठ होती. त्यातलं जे वाटेत लागेल तिथं ते क्षणभर थांबत, दम लागलेला असो नसो.

"तुमच्या यंत्रात इसावा हाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग त्ये चढण कसं दावनार?"

त्याच वेळी टॅबवर मी तलावाच्या मधोमध उभी असल्याचं दिसत होतं. त्यांनी ते पाहिलं आणि दिवसभर जो भेटेल त्याला सांगत सुटले, "बाईंचं यंत्र पोहतंय बघा."

चालताना चपला काढून पिशवीत ठेवायचे आणि अनवाणी चालायचे. म्हणायचे, पायाला पाणी कळतं. कासार बोळात एकदा मधेच थांबले, टाच दोनदा आपटली आणि म्हणाले, "हितं खणा." मी आतल्या आत हसले. मजुरानं दोन फूट खणलं आणि कुदळ टणकन वाजली. वॉल! मी इतकी भारावले, की रात्री वहीत तीन पानं लिहून काढली. पुढं महिन्याभरानं त्यांनीच सांगितलं, की शेजारच्या भिंतीवरून वाकलेला शेवगा उन्हाळ्यातही हिरवागार असतो, कारण तिथं वॉल गळतो. टाच आपटली ती माझ्यासाठी. "तुमी शिकलेली मान्सं. नुस्तं झाड दावलं असतं तर तुमाला पटलं नसतं," म्हणाले. तीन पानं मी फाडून टाकली.

त्यांचा सगळ्यात जाचक नियम पाण्याचा होता. बंदरात कुणाच्याही घरी ते पाण्याचा थेंब घेत नसत. चहा नाही, ताक नाही, सरबत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका घरी ताक प्यायले, तर दुसऱ्या दिवशी समोरच्या घरानं ओरड केली की ताकवाल्यांना जास्त पाणी सोडतात. तेव्हापासून ती बाटली. चौतीस वर्षं नोकरीत पाळलं आणि रिटायर झाल्यावरही सोडलं नाही. त्यांच्यामुळे माझीही पंचाईत. बायका दारात बोलवायच्या, मी वळले की हे पुढं निघालेले. पठाण गल्लीतल्या एक चाची त्यांना दर वेळी टोमणा मारायच्या, "आप्पा, हमारे पानी में जहर है क्या?" आप्पा कपाळाला हात लावून सलाम करायचे आणि बाटलीतलं पाणी प्यायचे.

त्याच चाची पहिल्या दिवशी आम्हाला पाहून म्हणाल्या होत्या, "अरे, आज दिन में कैसे निकले तुम?" पुढं पायऱ्यांच्या गल्लीतही एक बाई म्हणाली, "आप्पा, आज उजेडात?" मला वाटलं, म्हातारा उन्हाला भिऊन घरी बसत असेल. मी काही ते मनावर घेतलं नाही. इंजिनिअर माणूस ऐकतो कमी.

सहा महिन्यांत सोळा वॉल सापडले. सोळाही ठिकाणी टॅबवर लाल ठिपका टाकला. राहिला तो सतरावा, वरच्या आळीचा.

वरच्या आळीचा वॉल असायलाच हवा होता. पाण्याची टाकी टेकडीच्या खांद्यावर आहे आणि वरची आळी जवळजवळ टाकीच्याच उंचीला. टाकी काठोकाठ भरलेली असेल आणि खालच्या सगळ्या गल्ल्या बंद असतील, तरच तिथं पाणी चढतं. म्हणजे ते पहाटे, सगळ्यांच्या आधी, कुणीतरी मुद्दाम सोडावं लागतं. आता पाणी सोडणाऱ्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, "वरच्या आळीला आपोआप जातं मॅडम. मी कधी हात लावला नाही." आपोआप जायला ती काय लग्नाची वरात आहे? पाणी असं आपोआप डोंगर चढत नाही, एवढं तर मला लातूरनं शिकवलं होतं.

आप्पांना विचारलं की ते म्हणायचे, "सापडंल, सापडंल." आणि चौथ्या विसाव्याला गुडघा धरून बसायचे. दर वेळी. वरची आळी मी शेवटी एकटीनं तीनदा पालथी घातली. वीस-बावीस घरं, घरांमागच्या परसात नळ, आणि गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या छपराखाली एक शेंदरी गोल दगड. देव. कुठला, ते कुणी धड सांगेना. दगडापुढं रोज फूल असायचं. दिवा मात्र सोमवारी नाही, शनिवारी नाही, दर आठव्या दिवशी लागायचा. मला हे खटकायला हवं होतं. मी चपला काढून नमस्कार केला आणि पुढं गेले.

मग आळीनं अर्ज केला, की रस्ता होतोच आहे तर देवाला फरशीचा चौथराही बांधून द्या. अर्ज मंजूर झाला. सोमवारी वरच्या आळीपासूनच काम सुरू होणार, असं कळलं. माझा नकाशा शनिवारी द्यायचा होता आणि सतरावा ठिपका नव्हता. मी आप्पांवर चिडले. जिन्यात उभी राहून म्हणाले, "आप्पा, तुम्हाला माहीत असून सांगत नसाल तर सोमवारनंतर त्या वीस घरांना पाणी नाही मिळणार. ते माझ्या नाही, तुमच्या माथी."

आप्पा गुडघ्याला तेल लावत होते, ते लावत राहिले. मला नंतर फार वाईट वाटलं, पण खाली जाऊन माफी मागायला जीभ वळली नाही.

शुक्रवारी पहाटे दारावर थाप पडली. दार उघडलं तर आप्पा, खांद्यावर चावी, हातात चपलांची पिशवी. म्हणाले, "उठा बाई. एक दगुड उचलायचाय. माझ्यानं आता उचलत न्हाय."

आम्ही चढायला लागलो. त्या दिवशी प्रत्येक विसाव्याला ते खरोखर बसले. जाळे गल्लीपाशी नुसतेच गुडघा चोळत होते. पायऱ्यांच्या गल्लीत बोलायला लागले. वरच्या आळीचा वॉल त्यांनी स्वतः बसवला होता, तीस वर्षांपूर्वी. आईनं जिथवर पाणी नेलं तिथवर नळ न्यायचाच, ही त्यांची जिद्द. पण वॉलवरचं लोखंडी झाकण भंगारासाठी चोरीला जायचं. दोनदा गेलं. उघड्या खड्ड्यात एका म्हशीचा पाय अडकला. मग आप्पांनी धक्क्यावरून एक गोल दगड वर नेला, खड्ड्यावर ठेवला, आणि सायकलवाल्यांना लांबून दिसावा म्हणून पाइपाला लावायचा तांबडा रंग त्याला फासला.

"मग?" मी विचारलं.

"मग म्या आठ दिस बसवकल्याणला मेव्हणीच्या लग्नाला गेलो. आलो तर म्होरं नारळ."

मी हसायला लागले. ते हसले नाहीत.

"त्याच दिशी सांगाय पायजे हुतं. पर नारळ फोडनारी म्हातारी हुती, तिला काय सांगू? म्हनलं चार दिसानं सांगू. तवर पत्र्याचं छप्पर आलं. मग तर तोंडच उघडंना. पहाटं यायचो, देवाला बाजूला ठिवायचो, पाणी सोडायचो, परत ठिवायचो. तासाभरानं बंद करायचो, तवा समदी मागं परसात पाणी भरन्यात गुंतलेली. रिटायर झालो, नव्या मान्साला कसं दावू? त्यो समद्या गावाला सांगल. म्हनून म्याच येतो."

आठ वर्षं. पगार नाही, हुकूम नाही, दर आठव्या दिवशी पहाटे पाच विसाव्यांची चढण. अनवाणी, म्हणजे पायाला पाणी कळावं म्हणून नव्हे, तर आवाज होऊ नये म्हणून. कालच मी या माणसाला जिन्यात काय काय बोलले होते! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चौथ्या विसाव्याला त्यांनी बायकोचं सांगितलं. पाण्याच्या दिवशी तीही दिवा लावायला वर यायची, आप्पा आवरून घरी आल्यावर. काय मागायची कोण जाणे. "तिला बी सांगितलं न्हाय म्या. सत्तावीस वरसं ती वॉलपुढं वाकत हुती आन् म्या बघत हुतो. गेली तवा बी सांगितलं न्हाय. म्या सवता कदी हात जोडले न्हाईत त्याला. म्याच रंगवल्याला, कसं जोडू?"

वर पोचलो तेव्हा तांबडं फुटत होतं. आळीची सगळी दारं बंद. छपराखालचा दगड मी उचलला, चांगलाच जड होता. खाली खड्डा आणि खड्ड्यात सतरावा वॉल, तेलपाणी केलेला, बाकीच्या सोळांपेक्षा धडधाकट. आप्पांनी चावी लावली, दोन्ही हातांनी फिरवली आणि खड्ड्यात वाकून हाक मारली, "बा, बा." कानडीत 'ये, ये'. घरातल्या लहान लेकराला बोलवावं तसं. पाइपातून एक बारीक गुणगुण सुरू झाली. मी दगड परत ठेवला, तर गुणगुण दगडातून यायला लागली.

आम्ही पायरीवर बसलो. मी टॅब काढला.

"लावा खूण," ते म्हणाले. "पर माझं नाव नगा सांगू. म्हनतील, आप्पानं आमाला तीस वरसं येडं बनवलं. ज्या आळीत आईनं पाणी भरलं तिथं मला तोंड दावाय जागा न्हाय ऱ्हानार."

"आप्पा, खूण केली की चौथरा अडणार. अडला की लोक विचारणारच. आणि चौथरा झाला तर पाणी अडणार."

"ठावं हाय," ते म्हणाले, आणि टेकडीखाली उजळत चाललेल्या तलावाकडे बघत बसले. धक्क्यावर पहिला तराफा लागत होता.

तास झाला. पाणी बंद करायला उठलो. मी दगड उचलला आणि त्याच क्षणी आप्पांचा गुडघा मुडपला. ते तोल जाऊन माझ्यावर आले, माझ्या हातातून देव निसटला. गल्ली उताराची. देव गडगडत निघाला. एका दाराला धडकला, एका पत्र्याच्या पिंपावर आदळून त्यानं जो आवाज केला तो खाली धक्क्यावर गेला असेल, आणि तसाच पुढं सुटला. मी मागं धावले. आप्पा जमिनीवर बसून "निल्लू, निल्लू" असं ओरडत होते. थांब, थांब.

खालच्या घरातून एक म्हातारी मावशी चपळाईनं बाहेर आली आणि तिनं देवाला पायानं अडवलं. मग जीभ चावली, दोन्ही कान धरले, वाकून दगडाला नमस्कार केला आणि वर बघून ओरडली, "अवं आप्पा, जरा जपून! दर बारीला सांगावं वाटतंय, पर म्हनलं लाजताल."

एकेक दार उघडलं. बायका बाहेर आल्या. कुणाच्याही डोळ्यांत झोप नव्हती. माझ्या मागं आप्पा भिंत धरून उभे राहिले होते, चेहरा पांढराफटक.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"आता गं माय! पाण्याच्या दिवशी झोपतंय कोन? तीनपासनं हंडे मांडून बसतो आमी. दाराच्या फटीतनं बघतो, आप्पा आले का न्हाय. देव उचलला की नळाला घागरी लावायच्या."

"मग दारं का लावून घेता?"

मावशीनं माझ्याकडे बघितलं नाही, आप्पांकडे बघितलं. आवाज जरा खाली आणला. "तुमच्या मालकिनीनं सांगितलं हुतं. म्हनली, ह्यांला वाटतंय कुनाला ठावं न्हाय. त्येंची पाठ वळंस्तोवर दार उगडू नगा. उगडलं तर लाजतील, आन् यायचं बंद करतील."

आप्पा भिंत सोडून पुढं आले. "तिला ठावं हुतं?"

"पैल्या वरसापासनं. देवाचा रंग आन् तुमच्या नखातला रंग येकच. बायकूला कळत न्हाय व्हय?"

"मग दिवा कशाला लावीत हुती?"

"आता बगा. ह्याच्यातनं पाणी येतंय, आन् ह्याला उचलाय तुमी येताव. मग आमी हात जोडायचे तरी कुनाला? तुमाला जोडले असते तर तुमी जोडू दिलं असतं का? आन् तिचं मागनं येकच हुतं. दिवा लावायची आन् म्हनायची, ह्यांचे गुडघे धड ऱ्हाऊ दे."

आप्पा तिथंच पायरीवर बसले. चावी मांडीवर आडवी. रडले म्हणावं तर तोंडावर हसू होतं, आणि हसले म्हणावं तर बाहीनं डोळे पुसत होते. तीस वर्षांचं ओझं त्या माणसानं एकट्यानं पाचव्या विसाव्यापर्यंत वाहिलं होतं, आणि इथं सगळी आळी पदर खोचून त्याच्याच पाठीमागं उभी होती. मला इतकं हायसं वाटलं, की मी भर गल्लीत दगड पोटाशी धरून हसत सुटले.

"पण मावशी, चौथरा?" मला एकदम आठवलं. "सोमवारी चौथरा बांधला तर वॉल बंद होईल की!"

"मिस्त्रीला कवाच सांगून ठिवलंय," मागून एक बाई म्हणाली. "खाली पोकळी ठिव म्हनलं, आन् म्होरनं लोखंडी दार बसव. आप्पाला वाकाय त्रास नगं म्हनून वॉलचा दांडा जरा उंच घ्यायला बी सांगितलंय. तुमी दोगं उगाच घोर लावून घेतलाव."

चार वर्षं शिकून मी काढलेला नकाशा एकीकडे आणि हंडे मांडून बसलेल्या बायकांचा नकाशा एकीकडे. मी मुकाट्यानं सतरावा ठिपका टाकला. शेऱ्याच्या रकान्यात 'वर देव आहे, उचलता येतो' असं लिहिलं. पुण्याच्या ऑफिसनं त्याबद्दल मला दोनदा मेल पाठवली. मी शेरा बदलला नाही.

आप्पांनी वॉल बंद केला. बंद करताना ते 'साकू' म्हणाले, कानडीत 'पुरे'. मावशीनं आतून पाण्याचा तांब्या आणला, त्याच पहाटे भरलेल्या पाण्याचा, आणि त्यांच्यापुढं धरला. त्यांचा हात सवयीनं खांद्यावरच्या बाटलीकडे गेला. तिथंच थांबला. सगळ्या आळीचं लक्ष त्या हाताकडे.

त्यांनी ओंजळ पुढं केली. मावशी वरून धार धरत होती, पाणी कोपरावरून ओघळून शर्टावर सांडत होतं, आणि आप्पा पीत होते. तांब्या रिकामा झाला. कुणीतरी पळत जाऊन दुसरा आणला. आप्पांची ओंजळ तशीच पुढं होती. 'साकू' काही ते म्हणाले नाहीत.